मेश्राम मॅडमचा चौकोन

बायोमेडिकल इन्फर्मॅटिक्स हा विषय मला ज्या बाईंनी शिकवला, त्यांच्याकडे त्या विषयाची कुठलीही पदवी नव्हती. पदव्या आम्हा बाकीच्यांकडे होत्या, आणि त्यांचा आम्हाला थोडाफार माजही होता.

दर वर्षी नव्या तुकडीसमोर या विषयाची ओळख करून देणारं पहिलं व्याख्यान माझ्याकडे असतं. यंदा समोर निम्मे डॉक्टर होते आणि निम्मे इंजिनिअर, दोन नर्स होत्या, एक संख्याशास्त्राची मुलगी होती. मी पडद्यावरची व्याख्या वाचून दाखवली. वैद्यक, संगणक, संख्याशास्त्र वगैरे जिथे एकत्र येतात ते हे शास्त्र. संख्याशास्त्राच्या मुलीने हात वर केला. "सर, पण हा विषय नेमका कोणाचा?" मी ठरलेलं उत्तर दिलं, की तो सगळ्यांचा आहे. सगळ्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. घरी येताना मला स्वतःचाच राग आला. मेश्राम मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोवर मी असली गुळमुळीत उत्तरं द्यायला लागलो होतो.

मेश्राम मॅडम म्हणजे रामदासपेठेतल्या आमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख. त्याआधी बरीच वर्षं त्या वॉर्डात नर्स होत्या. नाव सुलोचना, पण ते मी फक्त त्यांच्या सहीत वाचलं. त्या कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत राहायच्या आणि रोज बसने यायच्या. कोराडीत खिडकी उघडी राहिली की घरातल्या प्रत्येक वस्तूवर राखेचा थर बसतो, त्यामुळे बसण्याआधी खुर्ची पुसायची त्यांना सवय होती. आमच्या बंद, थंडगार सर्व्हरच्या खोलीत धूळ नावालाही नसायची. तिथेही त्या आधी पदराने खुर्ची पुसत, मग माझा कीबोर्ड पुसत, आणि मगच बोलायला लागत.

मी साताऱ्याकडचा. पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो, तिथून इथे आलो. पहिल्याच आठवड्यात एका केसपेपरवरची तक्रार मी त्यांना इंग्रजीत सांगितली.

"पेशंट काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"चक्कर येते म्हणाला."

"चक्कर म्हनला, का तू ऐकलं? खोली फिरते म्हनला, का डोळ्यापुढं अंधारी येते म्हनला?"

मी म्हटलं, "मॅडम, फरक काय पडतो?"

"एक कानाच्या डॉक्टरकडं जाते, दुसऱ्याचं बीपी पाहा लागते. तुहा कम्प्युटर कोनाले कुठं पाठवते ते सांग ना गा, इंजिनिअर."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी इंजिनिअर झालो तो कायमचा. आणि "काय म्हनला?" हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. राउंडवरचे मोठे मोठे डॉक्टर जडजड शब्दांत नोंद सांगू लागले, की मॅडम पेन वर धरून शांतपणे तेच विचारायच्या. काहींना ते फार झोंबायचं. मॅडमजवळ एक लांबट वही होती. पेशंटचं वाक्य त्या जसंच्या तसं तिच्यात लिहीत आणि लिहून झालं की त्यालाच वाचून दाखवत. "असंच म्हनले ना तुमी?" पेशंटने मान हलवली की मगच पान उलटायचं. वाचून दाखवल्याशिवाय त्यांच्या लेखी नोंद पुरी होत नसे.

रुग्णालयाने मला आणलं होतं ते नोंदणीच्या खिडक्यांसाठी. खिडकीवरच्या मुलीने पेशंटची तक्रार एका यादीतून निवडायची आणि संगणकाने त्याला कुठल्या ओपीडीत, किती घाईने पाठवायचं ते ठरवायचं, असा बेत होता. यादी करणं माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी आजारांची इंग्रजी नावं दिली. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, प्रकार कमी ठेवा, मोजायला सोपं जातं. मी त्या इंग्रजी नावांसमोर मराठी शब्द बसवत गेलो. 'घाबरल्यासारखे वाटणे' हे मी मानसिक तक्रारींत, भीती आणि चिंतेच्या खाली टाकलं.

हे लिहिताना आजही मला लाज वाटते, कारण मी परक्या देशातून आलो नव्हतो. साताऱ्यात माझी आजी छातीवर हात ठेवून "जीव घाबरा झालाय रे" म्हणायची, तेव्हा तिला कशाचीही भीती वाटत नसायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण खुर्चीत बसून इंग्रजीसमोर मराठी शब्द लावताना ते आठवलंच नाही.

यादी अकरा पानांची झाली. ती तपासून सही करायचं काम मॅडमचं. न वाचता त्या कशावरही सही करत नसत, हे साऱ्या रुग्णालयाला माहीत होतं. दहा पानं त्यांनी तीन दिवस घेऊन वाचली आणि लाल शाईने रंगवून परत दिली. अकरावं पान राहिलं होतं. त्या दिवशी त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि त्यांना लवकरची बस गाठायची होती. मीच म्हटलं, "मॅडम, शेवटचं पान सोपं आहे. मानसिक तक्रारी आहेत नुसत्या." त्यांनी घड्याळ पाहिलं, उभ्याउभ्याच सही केली आणि गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी न वाचलेलं ते एकच पान.

नवी व्यवस्था सुरू झाली. रांगा भराभर सरकू लागल्या, संचालक डॉक्टर खूश झाले, मीही कॉलर ताठ करून फिरत होतो. अशात एका सकाळी उमरेडहून कौसल्याबाई नावाच्या बाई नवऱ्याबरोबर पहिल्या एसटीने आल्या. दोघं हातमागावर विणणारे. तीन नंबरच्या खिडकीवर वैशाली बसायची. तिने काय होतं विचारलं. बाई म्हणाल्या, "सकाळपासून जीव घाबरून राहिला वं बाई." वैशालीने 'घाब' एवढी अक्षरं टाइप केली. पडद्यावर एकच पर्याय आला आणि तिने तो निवडला. चिठ्ठी निघाली मानसोपचाराची. ती ओपीडी दुपारी बाराला उघडते. नवरा-बायको चिठ्ठीवरचा नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत बाकावर बसून राहिले. नंबर लागला तेव्हा बाईंना उठता येईना. हृदयविकाराचा झटका पहाटेच येऊन गेला होता. बायकांना त्यात छातीत दुखेलच असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना ते आधीपासून माहीत होतं, पण माझ्या यादीला ते कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई गेल्या.

मृत्यूची प्रत्येक फाइल मॅडमकडे येई. ती घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुसली नाही, आणि त्या बसल्याही नाहीत. माझ्यापुढे त्यांनी अकरावं पान ठेवलं आणि आपल्या सहीवर बोट टेकवलं. मग वैशालीला बोलावलं.

"ती काय म्हनली होती?"

वैशाली रडायलाच लागली. "जीव घाबरून राहिला म्हनली. मले समजलं होतं मॅडम. माही आई बी असंच म्हनते. पण लिस्टमधी दुसरं काहीच नोतं."

तेवढं एक वाक्य मी आजही विद्यार्थ्यांना सांगत नाही, सांगायला पाहिजे. खिडकीवरच्या मुलीला कळलं होतं. डॉक्टरांच्या कानावर पडलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. या दोघांच्या मधे मी माझी यादी बसवली होती, आणि तिच्यात त्या मुलीला कळलेलं मांडायला जागा नव्हती.

चौकशी झाली. प्रत्येकाने नियमाप्रमाणे काम केलं होतं, म्हणून चूक कोणाचीच नाही असं ठरलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी तो अहवाल दोनदा वाचला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. "उमरेडले जाऊन येतो," त्या म्हणाल्या. संचालकांनी गरज नाही म्हणून सांगून पाहिलं. कोर्टकचेरीची भीतीही घातली. मॅडम म्हणाल्या, "सही माही आहे, सर." मला जायचं नव्हतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणून मी निघालो.

एसटीत त्या अख्खी वाट खिडकीबाहेर पाहत होत्या. कोळशाचे ट्रक जात होते. एकदाच बोलल्या. "पोरीचं लगन जमलं त्या दिवशी. घरी पेढे वाटले मी."

कौसल्याबाईंचे यजमान नामदेवराव घरीच होते. माग बंद होता, त्यावर अर्धवट विणलेलं लुगडं तसंच होतं. बाजूला टोपलीत सुताच्या भरलेल्या कांड्या होत्या. कांड्या भरायचं काम बाईंचं असायचं. सून पाणी देऊन गेली. आडवळणाने बोलणं मॅडमना जमायचंच नाही.

"भाऊ, मी रेकॉर्डवाली मेश्राम. त्या दिवशी तुमाले चुकीच्या दारावर बसवलं. ज्या कागदामुळं बसवलं, त्याच्यावर माही सही आहे. मी ते पान वाचलं नोतं."

मी खाली मान घालून बसलो होतो. आता हे ओरडतील, हाकलून देतील, असं वाटत होतं. त्यांनी हाकलून दिलं असतं तर सोपं गेलं असतं. पण नामदेवरावांनी जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती.

"म्हन्जे तिनं बरोबर सांगितलं होतं?"

मॅडमना क्षणभर कळलं नाही. ते पुढे बोलत राहिले. "मी रोज तेच म्हनून राहिलो, बाई. आपल्याले बोलता येत नाही. छातीत दुखते म्हनली असती तं वाचली असती. बसमधी मीच तिले म्हनलं होतं, डॉक्टरले नीट सांगजो. मले वाटे, तिनं नीट नाही सांगितलं."

"तिनं नीटच सांगितलं भाऊ," मॅडम म्हणाल्या. "आमाले ऐकता नाही आलं."

"मंग तिचं चुकलं नाही."

"नाही."

नामदेवरावांनी टोपलीतली एक कांडी उचलली, बोटात फिरवली, परत ठेवली. "ती काय म्हनली, हे तुमच्या दवाखान्यात कुठं लिवलं हाय का?"

"नाही."

"लिवा मंग."

मॅडमनी पिशवीतून वही काढली. तारीख घातली, कौसल्याबाईंचं नाव लिहिलं, वाक्य लिहिलं. आणि नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. "सकाळपासून जीव घाबरून राहिला वं बाई. असंच म्हनली ना?" नामदेवरावांनी मान हलवली. परतीच्या एसटीत मी रडलो. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः मात्र कोरड्या डोळ्यांनी बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागणी केली ती एका चौकोनाची. नोंदणीच्या पानावर, यादीच्या आधी, सगळ्यात वर एक रिकामा चौकोन पाहिजे. त्यात पेशंटचे शब्द जसे निघाले तसे लिहायचे, त्याला वाचून दाखवायचे, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सगळे उखडले. संचालक म्हणाले, रांगा दाराबाहेर जातील. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, मोकळे शब्द मोजता येत नाहीत.

"मोजू नका. वाचा," मॅडम म्हणाल्या.

शेवटी पंधरा दिवस फक्त तीन नंबरच्या खिडकीवर करून पाहायचं ठरलं. मॅडमची एक अट होती. संचालकांनी तिथे एक तास बसायचं. ते बसले, थोडे चिडूनच. एका म्हाताऱ्याने "पोटात आग पडली" म्हटल्याबरोबर त्यांनी आम्लपित्त ठरवून टाकलं. मागे उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "कवापासून, ते इचारा, सर." विचारलं तर म्हातारा आदल्या दिवसापासून जेवलाच नव्हता. तपासणी उपाशीपोटी असते, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं आणि दोन दिवस त्याचा नंबरच लागला नव्हता. संचालक स्वतः त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले. परत आले तेव्हा चौकोनाच्या कागदावर त्यांनी मुकाट्याने सही केली.

त्या चौकोनाचा प्रोग्रॅम मी लिहिला. लिहिताना मॅडम शेजारी बसल्या होत्या. "नुसता टिंब टाकला, डॅश टाकला, तं चालू द्यायचं नाही. घाईत लोक तेच करतात. मी करून चुकली आहो." मी तशी सोय केली. पुढे मॅडमच्या वहीतले शब्द आम्ही संगणकात घातले. आता चौकोनात कोणी 'जीव घाबरते' लिहिलं की पडद्यावर लाल पट्टी येते आणि पेशंटचा आधी ईसीजी निघतो. संख्याशास्त्राच्या सरांनी त्या मोकळ्या शब्दांचंही मोजमाप करायची रीत बसवली, आणि तो त्यांच्या आवडीचा विषय झाला. डॉक्टर त्यांच्याशी भांडू लागले, मी दोघांशी, आणि मॅडम तिघांशी. त्या भांडणांतून आमचा अभ्यासक्रम उभा राहिला.

त्याचं पहिलं व्याख्यान मॅडमनी दिलं. इंग्रजीत बोलायला लागेल म्हणून त्या आधी नाहीच म्हणत होत्या. शेवटी आल्या, खुर्ची पुसली आणि व्याख्या वगैरे काही न सांगता वैशालीला पेशंट करून समोर बसवलं. वैशाली म्हणाली, "मॅडम, हातपाय गळून राहिले, कामात मन लागत नाही." हे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने कागदावर उतरवायचं होतं. डॉक्टरने रक्त कमी असल्याचा संशय लिहिला. इंजिनिअरने एक कोड लिहिला. संख्याशास्त्रवाल्याने थकवा या रकान्यात एक रेघ मारली. नर्सने कधीपासून, जेवण कसं, पाळी कशी, हे प्रश्न लिहिले. मॅडमनी ते चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"पाहा बरं. पोरगी एकच आहे, अन् कागद चार. यातला एकही खोटा नाही. पण हे एकमेकांसंगं बोलून नाही राहिले. यायले बोलायले लावाचं, हे तुमचं काम. जैववैद्यकीय माहितीशास्त्र म्हनतात त्याले. एवढं नाव घेईपर्यंत पेशंट घरी चालला जाते." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. "अन् पाचवा कागद कोनीच नाही लिहिला. ती काय म्हनली?" कोणाच्याही कागदावर वैशालीचं वाक्य नव्हतं.

निवृत्त झाल्यावरही त्या महिन्यातून एकदा यायच्या, चौकोनातली वाक्यं वाचत बसायच्या. मग एका उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. मी भेटायला कोराडीला गेलो होतो, पण त्या झोपल्या होत्या. खरं सांगायचं तर त्या झोपलेल्या आहेत हे पाहून मला बरं वाटलं आणि मी लगबगीने परत आलो.

शेवटचं पाहिलं ते आमच्याच रुग्णालयात. त्या तपासणीसाठी आल्या होत्या, मुलीने चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. मुलीने खुर्ची नेमकी तीन नंबरच्या खिडकीपुढे लावली. मी धावत खाली गेलो. वैशालीने नाव, वय भरलं आणि तिचा हात थांबला. वर चौकोन रिकामा होता.

मुलगी म्हणाली, "आईले बोलता येत नाही. तुमी लिहा ना काहीतरी, मी सांगतो."

मागे रांग वाढत होती. मी वैशालीला हळूच म्हटलं, "डॅश टाक आणि पुढे जा."

"डॅश घेत नाही सर ते," वैशाली म्हणाली. "तुमीच तं केलं तसं."

मग ती जागेवरून उठली, खिडकीच्या बाहेर आली आणि मॅडमच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसली. "मॅडम, काय होते तुमाले?" तिने विचारलं, आणि ती वाट पाहत राहिली. मॅडमचे ओठ हलत होते. मान ताठ होत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्यांच्या तोंडून, अर्धवट पण ओळखू येतील असे, दोन शब्द आले.

"काय म्हनला?"

दुसरे शब्द त्यांच्याकडे उरलेच नव्हते, असं त्यांची मुलगी नंतर म्हणाली. पाणी पाहिजे असलं तरी तेच, दुखलं तरी तेच.

वैशाली डोळे पुसत जागेवर गेली आणि तिने टाइप केलं. पडदा बाहेर वळवून तिने वाचून दाखवलं. चौकोनात लिहिलं होतं, 'काय म्हणाला?' मॅडमनी ते पाहिलं. डावा हात उचलला आणि काचेवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. मुलगी म्हणाली, "आई, अवं झालं, लिहिलं तिनं." बोट थांबेना. मला कळत नव्हतं. वैशालीला कळलं. तिने शेवटचा शब्द खोडला आणि पुन्हा लिहिला.

'काय म्हनला?'

तिने तो मोठ्याने वाचला. मॅडमनी मान हलवली आणि हात खाली घेतला.